कॉमेडी कोणती पाठवू?

दुकानात फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी घाईघाईने सांगतं, "नाना, पूजेला नाटक ठेवलंय. एक राजा, दोन सैनिक, एक स्त्रीपार्टी आनि एक कॉमेडी पाठवा." राजा, सैनिक, स्त्रीपार्टी मी डोळे मिटून काढून देतो. कॉमेडी म्हटलं की मात्र वही बाजूला ठेवतो, चष्मा पुसतो आणि विचारतो, "गाव कुठलं?"

यात विचारण्यासारखं काय आहे, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. म्हणून आधी धंदा सांगतो. महाडच्या बाजारपेठेत माझं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणं. मुकुट, मिशा, जरीचे अंगरखे, पत्र्याच्या तलवारी, इन्स्पेक्टरची वर्दी, वकिलाचा काळा कोट, सगळं पत्र्याच्या पेट्यांत भरलेलं. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत देवीची पूजा किंवा शिमगा आला की नाटक लागतंच. नट हौशी असतात. निम्मे गावात शेती करणारे, निम्मे मुंबईला नोकरीला. कपडे माझे, दाढ्या माझ्या, आणि दाढी पडली तर शिव्याही मलाच. मी पेट्या घेऊन जातो, रंग लावतो, पिना टोचतो आणि नाटक संपलं की दाढ्या गोळा करून घरी येतो. जातीचा शिंपी म्हणा, हाताचा शिंपी म्हणा, पण आयुष्यभर मी माणसांचे कपडे कमी आणि राजांचे जास्त शिवले.

आता कॉमेडी. एका गावात कॉमेडी म्हणजे दारुड्या. त्याला फाटका सदरा आणि एकच चप्पल द्यायची. दोन दिलीत तर माणूस नाराज होतो. खाडीच्या बाजूला कॉमेडी म्हणजे हाफ पँटीतला जाडा हवालदार, त्याला पोटाला बांधायची उशी लागते. घाटाकडे चढलात की कॉमेडी म्हणजे लुगडं नेसलेली मावशी, म्हणजे अर्थातच पुरुष. एका ठिकाणी मी मावशीची पेटी नेली आणि उघडल्यावर मंडळींनी झाकण परत लावलं. त्यांना कॉमेडी म्हणजे नाटकातलं भूत पाहिजे होतं. शेवटी भुताला लुगडं नेसवलं आणि बायाबापड्या हसायच्या ऐवजी पळाल्या.

हे झालं कपड्यांचं. हाच शब्द माणसालाही लागतो. "आमचा कॉमेडी आजारी हाय" म्हणजे नट आजारी आहे. "काल कॉमेडी झाली" म्हणजे कुणीतरी गाडीवरून पडलं. "माझी कॉमेडी करतोस काय" म्हणजे आता हाणामारी होणार, पेट्या बंद करा. "पोरगा जरा कॉमेडी हाय" असं लग्नाच्या बोलणीत आलं, तर मुलीच्या बापाने चहा अर्धा ठेवून उठावं. आणि आमची ही, म्हणजे माझी बायको मंगल, मी हिशोबाने वागलो की म्हणते, "काय कॉमेडी आहे." तिच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय, ते मला पस्तीस वर्षांत उमगलेलं नाही.

महाडजवळच्या सव गावची गोष्ट सांगतो. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत अंग शेकायला लोक लांबून येतात. शेजारच्या वाडीत नाटक होतं. प्रधानजीची भूमिका करणाऱ्या गृहस्थांनी घाई केली. "नाना, दाढी आत्ताच लावून टाका, मागनं गडबड नको." लावली. दुपारी त्यांची कंबर धरली आणि ते दाढीसकट कुंडात जाऊन बसले. गरम पाण्यापुढे माझा डिंक टिकतोय कुठला. दाढी सुटली, पाण्यावर तरंगत पलीकडे गेली, आणि तिथे डोळे मिटून बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या खांद्याला लागली. म्हातारा साप, साप म्हणत तसाच बाहेर. मला बोलवायला आलेला माणूस धड बोलेना. नुसता म्हणाला, "नाना, चला. कॉमेडी झाली." मी ती दाढी वाळवली, विंचरली आणि संध्याकाळी परत लावली. माझ्या धंद्यात याला हातोटी म्हणतात.

वर्दीचं प्रकरण याहून वाईट. नाटकातला इन्स्पेक्टर कपडे न बदलता मोटारसायकलवर घरी निघाला आणि वाटेत त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, हात करून एक टेम्पो थांबवला. टेम्पोत खरे पोलीस बसले होते. मला बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "ही काय कॉमेडी आहे?" मी म्हणालो, "नाही साहेब, कॉमेडी दुसरा होता. तो एसटीने गेला." साहेब तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. वर्दी परत मिळाली, पण तेव्हापासून मी टोपीवर आतल्या बाजूने 'नाटक' असं लिहून ठेवलंय.

गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना नुसतं सर म्हणतात, माझ्या दुकानासमोरून रोज फिरायला जातात. त्यांना हा शब्द खपत नाही. "नाना, विनोदी पात्र म्हणा. आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का?" मी हो हो म्हणतो. मनात म्हणतो, सर, 'एक विनोदी पात्र पाठवा' असं कुणी फोनवर म्हणालं तर मी स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाचा नंबर देईन. सरांना मी कधी हसताना पाहिलेलं नव्हतं. लोक म्हणायचे, शाळेत असतानासुद्धा नव्हतं.

या सरांमुळेच मला पुढची गोष्ट लिहायची आहे. बाकीचं सगळं मी धंद्याची मिजास म्हणून सांगितलं. हे सांगताना मात्र मला थोडी लाज वाटते.

पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, कारण वाडीतले लोक हा अंक वाचतात. या वाडीचा रिवाज मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पालखीला खांदा देण्याचा जसा एखाद्या घराचा मान असतो, तसा इथे कॉमेडीचा मान आहे. तो बाळारामाच्या घराकडे. त्याच्या आज्याकडे होता, बापाकडे होता, आता त्याच्याकडे. देवीला नारळ दिला की नाटकाआधी बंद पडद्यापुढे बाळाराम येतो, मावशी बनून. समोर पहिल्या खुर्चीवर गावकार, म्हणजे वाडीचा वडीलधारा, बसलेला असतो. सगळं गाव हसलं असं त्याला वाटलं की तो हात वर करतो. हात वर झाल्याशिवाय पडदा उघडत नाही. देवीच्या दारात आधी हसू, मग नाटक. मग ते नाटक कितीही रडकं असू दे.

बाळारामाची पेटी वेगळी. हिरवं लुगडं, नाकात वाटीएवढी नथ, आणि बाकीचं भरायला दोन उशा. ती पेटी मी दुसऱ्या कुणाला देत नाही. मधल्या पुरात दुकानात छातीभर पाणी आलं, राजेमहाराजे सगळे चिखलात गेले, पण ती पेटी मंगलने माळ्यावर टाकली होती म्हणून वाचली.

यंदा पूजेच्या चार दिवस आधी बाळारामाचा मुलगा संदेश दुकानात आला. वय अठ्ठावीस, ठाण्याला एका कंपनीत कामाला. नाटकात राजपुत्र तोच असतो. खुर्चीवर बसला आणि बोटं मोडायला लागला.

"काका, एक काम होतं. जरा नाजूक हाय."

"बोल."

"माझं जमतंय. सरांची पोरगी, प्राची. आमचं दोघांचं पक्कं हाय, पन सर म्हनाले, आधी घर बघतो, मानसं बघतो. ते नेमके पूजेलाच येनार."

"मग चांगलं आहे की. नाटक बघतील."

"तेच तर." त्याने खाली बघितलं. "बाबा लुगडं नेसून, उशा लावून नाचनार सरांसमोर. काका, शाळेत माझं नाव कोनी घेत नव्हतं. कॉमेडीचा पोरगा म्हनायचे. मी सहन केलं. पन सर हसत नायत वो. ते उठून गेले तर माझं सगळं संपलं." मग हळूच म्हणाला, "या वर्षी बाबांची पेटी विसरा ना. तुम्ही विसरलात म्हटलं तर कोन काय बोलनार?"

मी त्याला हाकलून द्यायला पाहिजे होतं. चाळीस वर्षांत मी कुणाची टाचणी विसरलो नाही. पण माझी स्वतःची मुलगी लहान असताना शाळेत सांगायची, बाबांचं कापडाचं दुकान आहे. दाढ्यामिशांचं आहे असं तिने कधी सांगितलं नाही. मला ते कळलं होतं आणि मी तिला काही बोललो नव्हतो. संदेशचं तोंड बघून मला तेच आठवलं आणि मी "बरं" म्हणून बसलो.

मंगल आतून ऐकत होती. तो गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "बापाचा मान पोरगा काढून घेतोय आणि तुम्ही पिशवी धरताय." कॉमेडी हा शब्द तिने त्या दिवशी वापरला नाही. माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

हल्ली वाडीतलं नाटक दुपारी चारला असतं. मुंबईकरांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्या असतात. उन्हात नाटक म्हणजे आमची फजिती. रंग लपत नाही, मिशीचा काळा धागा लांबून दिसतो. मी दोनला पोचलो. देवळासमोर मांडव, पहिल्या रांगेत गावकाराशेजारी सर, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हात. पलीकडे प्राची आणि तिची आई. मी मान खाली घालून पडद्यामागे गेलो. बाळाराम आधीच अंघोळ करून, दाढी घोटून, नुसत्या बनियनवर बसला होता.

"बाळाराम," मी म्हणालो, "तुझी पेटी राहिली रे दुकानात."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कान खाजवला. तो एक शब्द रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "राहूदे. मानसाकडनं व्हतं." मग माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि हात पुढे केला. "नाना, तुजा चष्मा दे जरा. टेप दे गळ्यातली. आनि तो मनगटाचा पिनांचा पट्टा."

मी दिलं. पापाचं ओझं असलं की माणूस काहीही देतो. चष्म्याशिवाय मला चार हातांपलीकडचं दिसत नाही. उकाड्याने मी शर्ट काढून खुंटीला लावला होता, तोही त्याने चढवला आणि पडद्याच्या कडेने बाहेर गेला. मी संदेशचा फेटा बांधायला घेतला.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग एकदम असा आवाज आला की मांडवाचा पत्रा हादरला. मी आयुष्यभर पडद्याच्या या बाजूने हसू ऐकलंय. कुठलं हसू लुगड्याचं आणि कुठलं पडण्याचं, ते मला नुसत्या कानांनी कळतं. हे हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

"काका, बाबा करतायत काय?" संदेश म्हणाला. पडद्याला एक भोक होतं. तो बघायला लागला आणि मला सांगायला लागला, कारण मला काही दिसत नव्हतं. "ते... काका, ते तुम्ही झालेत."

आवाज तर मला ऐकू येतच होता. तोंडात पाच पिना धरून मी जसा बोलतो, तसा तो बोलत होता. गावकाराचं माप घेत होता. "पोट आत, पोट आत. राजाला पोट नसतं, पोट प्रधानजीला." मंगलशी फोनवर भांडत होता, आणि फोनवर बोलताना मी चपला शोधतो हेही त्याला माहीत होतं. "कॉमेडी पायजे? कंची कॉमेडी पाठवू? बारकी का मोठी? कॉलरवाली का बिनकॉलरची?" बायका ओरडत होत्या, "नानाच गो, अगदी नाना." मला राग यायला पाहिजे होता. मला हसू आवरेना. फेट्याचं टोक तोंडात कोंबून मी खाली बसलो. मी असा दिसतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग गावकाराने बाहेरून विचारलं, "पन नाना, बाळारामाची पेटी का नाय आनली?"

संदेशने माझा दंड धरला. बाळारामाला सगळं कळलंय, हे आम्हा दोघांना त्याच क्षणी कळलं. मी खोटं बोलताना कान खाजवतो ते चाळीस वर्षं तो बघत आलाय, आणि पहिल्या रांगेत सर बसलेत म्हटल्यावर ते खोटं कुणासाठी, हे त्याला सांगायला नको. आता तो एक वाक्य बोलला असता तर पोरगा सगळ्या वाडीसमोर, सासऱ्यासमोर उघडा पडला असता. आणि कॉमेडीला मोकळीक असते, त्याला कुणी जाब विचारत नाही.

बाळाराम बाहेर कान खाजवत असणार, कारण लोक हसायला लागले. मग माझ्याच आवाजात म्हणाला, "काय सांगू गावकार. चुकी माजीच. वय झालं. आनि बाळारामाची पेटी तरी किती वरसं नाचनार? एक साल बसू दे तिला सावलीत."

म्हणजे त्याने ते माझ्या नावावर टाकलं आणि पोराला झाकलं. लोक हसत होते आणि मला रडू येत होतं. संदेशचा हात माझ्या दंडावरून सुटला. मी "अरे, फेटा" म्हणेपर्यंत तो पडद्याबाहेर गेला होता. फेट्याचं टोक माझ्या हातात, त्यामुळे तो पुढे जाईल तसा फेटा सुटत गेला.

"नाना खोटं बोलतायत," त्याचा आवाज आला. "पेटी मी ठेवायला सांगितली. मला लाज वाटली. बाबांची. सर येनार म्हनून."

हसू बंद झालं. खालच्या गोठ्यातलं रेडकू ओरडलं, तेवढंच. मी भोकाला डोळा लावला. मला धुकं दिसलं, त्यात दोन माणसं, आणि पहिल्या रांगेत एक उभं राहिलेलं पांढरं. सर उठले होते. मनात म्हटलं, झालं, गेलं पोरगं.

सर चालत पडद्यापर्यंत आले. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी ओळखतो.

"काय हो नाना," ते बाळारामाला म्हणाले, "असे उभे काय राहिलात? मुलाचं माप घ्या. लग्नाचा कोट शिवायचाय ना?"

पहिली हसली प्राची. मग जे झालं ते मी सांगू शकत नाही. म्हातारे हसले, लेकुरवाळ्या हसल्या, आणि सरांच्या त्या इस्त्रीच्या शर्टातून एक हसू निघालं, गाडी चालू होत नसताना करते तसं, तुटक तुटक, पण निघालं. गावकाराने एक नाही, दोन्ही हात वर केले. पडदा ओढणारा हुशार. त्याने हात बघितले आणि ओढला.

मी बनियनवर, बिनचष्म्याचा, हातात वीस हात फेटा घेऊन सगळ्या वाडीसमोर उभा. पुढे एक नाना, मागे एक नाना. लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली बसले. मी गोंधळून नमस्कार केला.

बाळारामाने मात्र मागे वळून पाहिलं नाही. त्याने गळ्यातली टेप काढली. आधी खांदा घेतला, मग बाही. पिना अजून तोंडात होत्या. आता, छातीचं माप घेताना टेप पाठीमागून फिरवून आणावी लागते, त्यासाठी शिंप्याला दोन्ही हात माणसाभोवती न्यावे लागतात. बाळारामाने पिना काढून खिशात टाकल्या आणि हात नेले. संदेशने मान त्याच्या खांद्यावर टाकली.

ते हात काही परत आले नाहीत. मी वही घेऊन, आकडा सांगेल म्हणून थांबलो होतो. शेवटी कोट अंदाजानेच शिवला.